कुत्र्यांमागे वही घेऊन फिरणारी माणसे

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांविषयी तीन महिन्यांच्या आत तीन वेगवेगळे आदेश दिले. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, दिल्ली आणि आसपासच्या शहरांतले कुत्रे उचला, निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश मवाळ केला. नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जेथून उचलले तेथेच सोडा. फक्त पिसाळलेले, तसा संशय असलेले किंवा आक्रमक कुत्रे परत सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्यासाठी पुन्हा वेगळा नियम आला. या आवारांतले कुत्रे काढायचे आणि पुन्हा तेथे सोडायचे नाहीत.

या काळात टीव्हीवरच्या वादात दोनच आवाज मोठे होते. एका बाजूला चावे बसलेल्या मुलांचे आईबाप, दुसऱ्या बाजूला रोज भात-पोळी घालणारे श्वानप्रेमी. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. पण रस्त्यावरचा कुत्रा दिवसभर नेमके करतो काय, किती जगतो, पिल्ले कोठे घालतो, माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे मोजून सांगणारी माणसे देशात मूठभरच. त्यांतला सर्वांत जुना आणि सातत्याने काम करणारा एक गट कोलकात्याजवळ आहे.

पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात मोहनपूर येथे भारतीय विज्ञान शिक्षण आणि अनुसंधान संस्था आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या ‘आयसर’ची ही जुळी बहीण; दोन्ही २००६ सालच्या. तेथे २००९ मध्ये डॉ. अनिंदिता भद्र प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या आणि त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम सुरू केले. लोक या गटाला सरळ ‘डॉग लॅब’ म्हणतात. लॅब म्हटल्यावर डोळ्यांसमोर पिंजरे येतात. येथे प्रयोग रस्त्यावर होतात. मोहनपूरच्या वाटांवर, कल्याणीच्या वसाहतींत, कोलकात्याच्या गल्ल्यांत.

भद्र यांची मूळ तालीम कुत्र्यांवर झालेली नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. राघवेंद्र गदगकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली ती गांधीलमाश्यांवर. पोळ्यातली राणी काढून घेतली की काही मिनिटांतच एक कामकरी माशी आक्रमक होते आणि पुढची राणी बनते. ती कोण असेल हे आधी पाहणाऱ्या माणसाला ओळखता येत नाही. पोळ्यातल्या माश्यांना मात्र ते ठाऊक असल्यासारखे दिसते. असल्या अभ्यासात प्रत्येक माशी वेगळी ओळखावी लागते, तासन् तास टक लावून बसावे लागते आणि ठरावीक अंतराने कोण काय करते आहे ते लिहावे लागते. हीच सवय भद्र यांनी कुत्र्यांकडे आणली. येथे ओळख पटवायला अंगावरचे ठिपके, फाटलेला कान, शेपटीचा बाक पुरतो.

जगात कुत्र्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या लॅब आता पुष्कळ आहेत. त्यांतली अग्रणी बुडापेस्टची. एओत्वोश लोरांद विद्यापीठात विल्मोश चानी, आदाम मिक्लोशी आणि योझेफ तोपाल यांनी १९९४ मध्ये ती सुरू केली. तोवर प्राणिवर्तनाचे शास्त्रज्ञ कुत्र्याला ‘माणसाने बिघडवलेले जनावर’ समजून टाळत असत. बुडापेस्टच्या मंडळींनी दाखवले की, कुत्र्याचे नैसर्गिक रान म्हणजे माणसांचा समाज आणि त्याची बुद्धी तेथेच तपासली पाहिजे. तरी तेथे, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांतही, प्रयोगाला येणारा कुत्रा बहुधा मालकाबरोबर येतो. त्याचे लसीकरण झालेले असते, पोट भरलेले असते, त्याला नाव असते. जगातले बहुसंख्य कुत्रे असे जगत नाहीत. ते कोणाचेच नसतात किंवा सगळ्या आळीचे असतात. म्हणजे विज्ञानाला ‘कुत्रा’ म्हणून जो ठाऊक होता, तो कुत्र्यांतला सुखवस्तू अल्पसंख्य वर्ग होता. मोहनपूरच्या गटाने ही उणीव भरून काढायला घेतली.

त्यासाठी लागले काय? वही, घड्याळ, नंतर व्हिडिओ कॅमेरा, प्लास्टिकचे वाडगे, कच्ची कोंबडी, बिस्किटे आणि उन्हातान्हात हिंडायला तयार असलेले विद्यार्थी. कोट्यवधींची यंत्रे नाहीत. मनुष्यबळ मात्र भरपूर खर्ची पडते. मानबी पॉल, सृजनी सेन मजुमदार, देबोत्तम भट्टाचार्य अशी जी नावे या गटाच्या शोधनिबंधांवर पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांच्या पदव्यांमागे आळीतल्या कुत्रीच्या बाळंतपणापासून तिची पिल्ले मोठी होईपर्यंतची आठवड्यांमागून आठवड्यांची निरीक्षणे आहेत.

या कष्टांतून आलेले सर्वांत बोलके काम २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये छापून आले. पाच वर्षांत ९५ विणींमधल्या ३६४ पिल्लांवर या मंडळींनी नजर ठेवली. सात महिन्यांची होईपर्यंत, म्हणजे प्रजननक्षम वयात येईपर्यंत, त्यांतली फक्त १९ टक्के उरली. शंभरातली एक्क्याऐंशी गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यांतल्या ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. कोठे गाडीखाली, कोठे मारून किंवा विष घालून.

या आकड्याचे दोन अर्थ लागतात आणि दोन्ही पक्षांना ते गैरसोयीचे आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्याला मुक्त, आनंदी जीव समजणाऱ्यांसाठी पहिला अर्थ. नसबंदी न करता नुसते खाऊ घालणे म्हणजे पुढच्या हिवाळ्यात बहुतेक मरणारच अशी पिल्ले जन्माला घालण्याला हातभार लावणे होय. दुसरा अर्थ मारून किंवा हटवून प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांसाठी. माणूस आजही, कोणत्याही आदेशाशिवाय, पिल्लांमागून पिल्ले मारतोच आहे. एवढी मरतूक होऊनही २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे निघाले; एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. ही संख्या कशावर टिकते, हे शोधण्यासाठी कुत्र्याच्या पोटाकडे पाहावे लागते.

तेही या गटाने पाहिले. रस्त्यावरच्या कुत्र्याचा खाण्याचा नियम सोपा आहे. मांसाचा वास आला की आधी ते. खाटीकखान्याच्या कडेचे छाट, हॉटेलमागची हाडे, लग्नाच्या मांडवामागचा ढीग यांना कुत्र्याच्या जगात फार वरची किंमत आहे. मांस नसेल तर भात, पोळी, बिस्किटावरही तो जगतो. आई आणि पिल्लांवरचा प्रयोग तर घराघरांतल्या आयांनी वाचण्यासारखा. बिस्किटासारखे हलके खाणे असेल तर कुत्री ते पिल्लांना खाऊ देते; मांस पुढे आले की दूध तुटण्याच्या वयातल्या स्वतःच्या पिल्लांशीही तिची झटापट होते. आईपणाच्या कवितांत हे बसत नाही. पण पुढच्या विणीसाठी तिला अंगात ताकद राखायची असते, त्यामुळे तिच्या हिशेबात काही चूक नाही. उलट बाजूला, आजी नातवंडांना सांभाळते, गटातल्या दुसऱ्या माद्या आणि नरसुद्धा पिल्लांजवळ थांबतात, त्यांच्याशी खेळतात, हेही याच वह्यांत नोंदलेले आहे. एका निबंधाच्या शीर्षकात तर ‘भारतीय एकत्र कुटुंब’ हेच शब्द आहेत.

कुत्री पिल्ले घालायला जागा कोठे शोधते? एकान्तात नाही, माणसांच्या घरांजवळ. जिन्याखाली, पडीक गाडीच्या आडोशाला, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात. ज्यांच्या हातून पिल्ले सर्वाधिक मरतात त्यांच्याच उंबऱ्याशी ती येते, कारण अन्न तेथे आहे.

आणि केव्हा? सृजनी सेन मजुमदार व भद्र यांच्या २०१५ च्या निबंधानुसार समागमाचा काळ पावसाळ्याशी जोडलेला आहे. कुत्रीचे गर्भारपण दोन महिन्यांचे, त्यामुळे पिल्लांचा हंगाम पुढे हिवाळ्यात येतो. ही माहिती वरकरणी किरकोळ वाटते. नसबंदीच्या मोहिमा चालवणाऱ्या नगरपालिकेसाठी मात्र ती सोन्याच्या मोलाची आहे. निविदा, मंजुरी आणि अनुदान यांच्या चक्रात या शस्त्रक्रिया वर्षात केव्हाही उरकल्या जातात. त्याच शस्त्रक्रिया पाऊस सुरू होण्याआधी उरकल्या, तर तेवढ्याच पैशांत एक आख्खी वीण टळते. डॉक्टरांनाही या वेळापत्रकाचा उपयोग आहे. हिवाळ्यात दारात पिल्ले येतात, मुले त्यांच्याशी खेळतात, दात लागतात आणि ‘पिल्लूच तर होते’ म्हणून घरात कोणी मनावर घेत नाही. रेबीज पिल्लालाही होतो आणि पिल्लापासून माणसालाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे याला पिल्लाच्या बाबतीत सूट नाही.

बुद्धीच्या प्रयोगांची गोष्ट वेगळी. माणूस बोट दाखवतो तिकडे पाहायला कुत्र्याला येते, हे पाळीव कुत्र्यांत पूर्वीच दिसले होते. पण ते शिकवलेले की जन्मजात, यावर वाद होता. रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी शिकवत नाही, म्हणून तो या वादातला महत्त्वाचा साक्षीदार. देबोत्तम भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या शहरांत १६० एकेकट्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेले वाडगे ठेवले आणि एकाकडे लांबून बोट दाखवले. जे कुत्रे वाडग्यापर्यंत आले, त्यांतले सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या वाडग्याकडेच गेले. निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर बातम्या झाल्या: ‘भारतातले भटके कुत्रेही माणसाची खूण समजतात.’

बातम्यांत मागे पडला तो दुसरा आकडा. सुमारे निम्मे कुत्रे वाडग्याकडे आलेच नाहीत. संशोधकांनी त्यांची नोंद भेदरलेले, चिंताग्रस्त अशी केली आहे आणि माणसाचा वाईट अनुभव गाठीशी असेल असा अंदाज बांधला आहे. रोगनिदान शिकलेल्या कोणाही माणसाला या निम्म्यांतच जास्त रस वाटावा. कारण चावा बहुधा दोन टोकांना असतो. अतिसलगीच्या आणि भीतीच्या. याच गटाच्या आणखी एका प्रयोगात माणसाने गोडीने बोलावले तर कुत्रे जवळ आले, हात किंवा काठी उगारली तर दूर राहिले. हात न उचलता नुसत्या पवित्र्यावरूनही ते ओळखतात, हे आपल्याकडे ‘हाड’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडली तर खाण्यापेक्षा अंगावरून फिरलेल्या हाताने विश्वास लवकर बसतो, असे २०१७ मध्ये त्यांनी दाखवले. वस्तीत माणसांची वर्दळ किती, यावरही कुत्र्याचा मनमिळाऊपणा बदलतो. म्हणजे एकाच शहरातल्या दोन वॉर्डांतले कुत्रे सारखे नसतात, आणि सगळ्या शहराला एकच फर्मान लावणाऱ्याने हे लक्षात घेतलेले बरे.

येथवर सारे कौतुकाचे. पण या गटाच्या एका निष्कर्षाशी सरकारी रुग्णालयातला डॉक्टर सहज सहमत होणार नाही. २०१४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्याच्या दिनक्रमाचा ताळेबंद मांडला. कुत्रे मुळात आळशी, बराच वेळ लोळून काढणारे. माणसाशी त्यांचा संबंध क्वचित येतो आणि आला तर बहुधा नमते घेण्याचा असतो. सुमारे दोन हजार नोंदींवरून हे दिसले आणि त्यात खोटे काही नाही. पण त्यावरून निबंध असेही म्हणतो की, हे कुत्रे माणसाच्या स्वास्थ्याला धोका नाहीत. ही उडी मोठी आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतून देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणिदंश होतात असा अंदाज निघाला. त्यांतले तीन चतुर्थांशांहून थोडे अधिक कुत्र्यांचे, म्हणजे सुमारे सत्तर लाख. भटके कुत्रे दीड कोटी. पाळीव कुत्रे बाजूला ठेवून सारे चावे भटक्यांच्याच नावावर टाकले, तरी सरासरीने एक कुत्रा दोन वर्षांत एकदा चावतो. त्या दोन वर्षांतले उरलेले सातशे एकोणतीस दिवस तो लोळतो, उकिरडा हुंगतो, शेपूट हलवतो. वही घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला हे सातशे एकोणतीस दिवस दिसतात. रुग्णालयाच्या इंजेक्शन खोलीला उरलेला एक दिवस दिसतो, आणि वर्षाला असे सत्तर लाख दिवस तेथे रांगेत उभे असतात. वर्तनशास्त्रात ‘क्वचित’ असलेली गोष्ट लोकसंख्येने गुणली की साथ होते. त्याच पाहणीनुसार रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे मरतात, आणि कुत्रा चावलेल्यांपैकी पाचातला एक जण लसीचा एकही डोस घेत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो.

शिवाय लोकांना जी भीती वाटते ती एकट्या कुत्र्याची नाही. ती पहाटे सायकलवरून दूध घालायला निघालेल्या मुलाच्या मागे लागणाऱ्या टोळीची आहे. एकेकट्या कुत्र्यासमोर वाडगा ठेवून केलेले प्रयोग त्या टोळीबद्दल फारसे सांगत नाहीत. भद्र यांच्या गटाचा हा दोष म्हणता येणार नाही. प्रयोग तसाच आखावा लागतो. पण टोळी, रात्र, चावा यांच्यावर असेच चिकाटीने काम करणारे आणखी दहा गट देशात हवेत, आणि पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी पशुवैद्यकीय, प्राणिशास्त्र व जनऔषधवैद्यक असे तिन्ही विभाग हाताशी असताना असा एखादा गट उभा राहायला अडचण काय, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

इंजेक्शन खोली आणि वही एकत्र आल्या तर काय होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. गोव्यात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी २०१३ ते २०१९ या काळात मोहीम चालवली. पथकांच्या हाती स्मार्टफोन दिले. कोणत्या वाड्यावर किती कुत्रे टोचले, किती राहिले याची नोंद नकाशावर होत गेली. वर्षाला ९५ हजारांवर कुत्र्यांना लस देऊन ७० टक्के प्रमाण गाठले, शाळांतल्या दीड लाख मुलांपर्यंत दरवर्षी माहिती पोहोचवली. मोहिमेअखेर माणसांतला रेबीज थांबला आणि कुत्र्यांतला मासिक रुग्णांचा आकडा ९२ टक्क्यांनी उतरला. चावे थांबले नाहीत, पण त्यांनी जीव जाईनासे झाले.

७० टक्के दरवर्षी का गाठावे लागतात, एकदा टोचून का भागत नाही, याचे उत्तर मोहनपूरच्या त्या ३६४ पिल्लांत आहे. मरणारे आणि नव्याने येणारे इतके जास्त असतात की वस्तीतली कुत्र्यांची पिढी भराभर बदलते. गेल्या वर्षी टोचलेल्यांतले काही मरतात, त्यांच्या जागी न टोचलेली येतात. पैसे वाचवायला एक वर्ष मोहीम वगळणारी नगरपालिका तेवढ्यात कमावलेले बरेचसे गमावते.

आता नोव्हेंबरचा आदेश. रुग्णालयांच्या आवारातून कुत्रे हटवायचे, भिंत-कुंपण घालायचे, एक अधिकारी नेमायचा, स्थानिक संस्थेने दर तीन महिन्यांनी तपासणी करायची. वॉर्डात कुत्रा फिरू नये याबद्दल दुमत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खाटेखाली त्याला जागा असूच नये. पण सरकारी रुग्णालयाचे आवार कुत्र्याच्या नजरेने पाहिले तर ते काय आहे? नातेवाईकांनी डब्यातून आणलेल्या जेवणाचे उरलेसुरले, उपाहारगृहामागचे पिंप, झाकण नसलेला कचरा, रात्रभर उजेड, माणसांची जाग आणि बाकाखालचा आडोसा. आई होऊ घातलेली कुत्री जे जे शोधते ते सगळे. असलेले कुत्रे नेले आणि पिंप तसेच राहिले, तर कुंपणाच्या पहिल्याच फटीतून शेजारच्या आळीतले येतील. ते ओळखीचे नसतील, टोचलेले असतीलच असे नाही आणि नव्या हद्दीसाठी भांडतील ते वेगळेच.

नेमलेल्या त्या अधिकाऱ्याला मोहनपूरची पद्धत विनाखर्च उचलता येईल. एक आठवडा, सकाळी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी आवाराची फेरी. किती कुत्रे, कोठे बसलेले, काय खाताना दिसले, किती जणांच्या कानाला नसबंदीची खूण आहे, कोणती मादी दुधाची आहे, कोण कोणावर भुंकले. सोबत इंजेक्शन खोलीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवायचा: चावा कोठे आणि किती वाजता. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की कोणते पिंप आधी हलवायचे, कोणत्या फाटकाशी दिवा लावायचा आणि गाडी बोलावून नेमका कोणता कुत्रा उचलायचा, ते कळू लागेल. तपासणीला तीन महिन्यांची मुदत आहे. आठवडाभराच्या फेऱ्या तेवढ्यात सहज बसतात.